उतार, रपटा आणि पूल

उज्जैनच्या मराठी घरांतून दोन पंचांगे नांदत आली आहेत. आपल्या घरी महिना अमावास्येला संपतो. शेजारच्या माळवी घरात तो पौर्णिमेलाच पालटतो. त्यामुळे पंचक्रोशी यात्रा केव्हा निघते, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराच्या देवळापुढे जमलेला माळवी शेतकरी म्हणेल, वैशाख वद्य दशमीला. आपल्या घरातली आजी म्हणेल, चैत्र वद्य दशमीला. दिवस तोच, महिन्याचे नाव तेवढे निराळे. उलट महाकाळाची सवारी शिंदेशाहीच्या काळापासून आपल्या पंचांगाचा मान राखीत आली आहे. उत्तर हिंदुस्थानातील श्रावण संपला तरी ती थांबत नाही. त्यांच्या भाद्रपदाच्या वद्य पक्षातही, म्हणजे आपला श्रावण सरेपर्यंत, सोमवारच्या सोमवारी निघत राहते.

ही जुनीच माहिती येथे सांगण्याचे कारण नदी हे आहे. पंचक्रोशी निघते तेव्हा शिप्रा वर्षातील सर्वांत कृश अवस्थेत असते. सवारी रामघाटावर येते तेव्हा तीच शिप्रा घाटाच्या पायऱ्या, काठची लहान देवळे आणि छोटा पूल पोटात घेऊ शकते. सिंहस्थ चैत्र-वैशाखात भरतो. त्यासाठी होणाऱ्या कामांची पाहणी बव्हंशी कोरड्या दिवसांत होते, आणि त्यांचे उद्घाटनही कोरड्या दिवसांतच. त्यांची परीक्षा मात्र भाद्रपदात असते. २०२८ च्या सिंहस्थासाठी आज उज्जैनभोवतीचे रस्ते रुंद होत आहेत, शिप्रेवर नवे पूल होत आहेत आणि खेड्यांतून जाणारी पंचक्रोशीची वाटही सुधारणेच्या विचारात आहे. अशा वेळी ही नदी आजवर कोणी, कशी आणि कोणत्या अटीवर ओलांडली, हे एकदा तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

पंचक्रोशीची वाट ११८ किलोमीटरांची. नागचंद्रेश्वरापासून पूर्वेचे पिंगळेश्वर १२ किलोमीटर. तेथून दक्षिणेस करोहनचे कायावरोहणेश्वर २३. मग नलवा २१. तेथून अवघ्या ६ किलोमीटरांवर अंबोदिया, म्हणजे पश्चिमेचे बिल्वेश्वर. पुढे कालियादेह २१. जैथल, म्हणजे उत्तरेचे दर्दुरेश्वर, ७. तेथून उंडासा १६. आणि शेवटी शिप्रेचा घाट १२. उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांपैकी अखेरचे चार हे या क्षेत्राचे द्वारपाल, आणि मध्यभागी महाकाळ. डोक्यावर शिध्याचे गाठोडे घेऊन, मुक्कामी गोवऱ्यांवर बाट्या भाजून खाणाऱ्या माणसांची ही यात्रा आहे. तिच्यात श्रीमंती थाट कधीच नव्हता, आणि रस्ताही फार काळ गाडीवाट आणि पाऊलवाट एवढाच होता.

नदीकाठच्या गावाची प्रदक्षिणा करावयाची तर नदी निदान दोनदा ओलांडावीच लागते. पुलाच्या अभावी ती ओलांडण्याच्या जागेला मराठीत 'उतार' म्हणतात. पात्र पसरट, तळ कठीण आणि पाणी गुडघा-मांडीएवढे असे ठिकाण म्हणजे उतार. पावसाळ्यात नदीला उतार राहत नाही. पाऊस सरला की नदी 'उतार देते'. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो, तो शब्दही याच कुळातला. या शब्दप्रयोगात देणारी नदी आहे, माणूस घेणारा आहे. आपल्या पूर्वजांचे सारे दळणवळण या देण्यावर अवलंबून होते.

मराठ्यांच्या राजकारणाचे वेळापत्रकच त्यावर बसविलेले होते. पावसाळ्यात फौजा छावणीस राहत. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. त्यामागे शेतीचा आणि चाऱ्याचा हिशेब होता, तसाच नद्यांचाही होता. आश्विनापर्यंत नर्मदा, शिप्रा, चंबळ उतारावर येत आणि वाटा मोकळ्या होत. राणोजी शिंद्यांकडे उज्जैन आले तेव्हा या राजवटीने शिप्रेच्या काठी पुष्कळ बांधले. दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, पुढे बायजाबाईंनी गोपाळ मंदिर उभारले, घाट झाले, सिंहस्थाची आजची रीत याच राजवटीत रुजली. या यादीत ठळकपणे मिरवावा असा शिप्रेवरचा पूल मात्र सापडत नाही. घाट पाण्यापर्यंत उतरून जातो. पूल पाण्यावरून निघून जातो. त्या काळच्या धर्मभावनेला आणि तिजोरीलाही पहिला प्रकार अधिक मानवला.

मराठ्यांनी पुलाचा विचारच केला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. काशीच्या वाटेवर कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते अशी समजूत असल्याने यात्रेकरूंची मोठी अडचण होई. ती दूर करण्यासाठी नाना फडणवीसांनी तेथे पुलाचे काम हाती घेतले. ते तडीस गेले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत काशीचे राजा पटनीमल यांच्या खर्चाने तेथे पूल झाला. ज्या नदीचा स्पर्श नको तिच्यावर पूल बांधावा आणि जिचा स्पर्श हवा तिच्यात उतरावे, हा त्यामागचा विवेक आज आपल्याला गमतीचा वाटेल. परंतु पूल कोठे आणि कशासाठी हवा याचा विचार त्यात होता, हे नाकारता येत नाही.

उताराचे राजकीय मोल किती असू शकते, हे याच शिप्रेने एकदा दाखवून दिले. २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या उत्तरेस महिदपुरापाशी होळकरांची फौज आणि सर थॉमस हिस्लॉप यांच्या हाताखालील इंग्रज फौज समोरासमोर आल्या. मध्ये शिप्रा होती. होळकरांचा तोफखाना पलीकडच्या काठावर नेम धरून उभा होता. आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा वध झालेला आणि गादीवर अल्पवयीन मल्हारराव. इंग्रजांच्या हल्ल्याचे नेतृत्व सर जॉन माल्कम यांच्याकडे होते. मार्गशीर्षातली नदी, तिने उतार दिला होता. तोफांच्या माऱ्याखाली फौज त्या उतारातून पार झाली, काठाच्या आडोशाला तिने रांगा लावल्या आणि तेथून तोफांवर चाल केली. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशीच लढत पडले. इंग्रजांचेही सुमारे ८०० लोक मृत वा जखमी झाले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि माळव्याचे भवितव्य बदलले. नदी भाद्रपदात असती तर ती लढाई त्या दिवशी, त्या जागी होऊ शकली नसती, एवढे तरी खास.

माल्कम यांनी पुढील काही वर्षे माळव्याचा कारभार पाहिला आणि या प्रदेशावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि १८३० च्या नोव्हेंबरात त्यांच्याच कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. एकाच माणसाच्या चरित्रातील या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक संक्रमण दिसते. तेरा वर्षांपूर्वी नदीने दिलेल्या उतारातून पार होणारा सेनानी आता सह्याद्रीसारख्या डोंगरात बारमाही रस्त्याचा आग्रह धरीत होता. फौज, टपाल आणि कापूस यांना ऋतूची वाट पाहावी लागू नये, ही त्यामागील भूमिका. बारमाही रस्ता ही आज आपल्याला इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते, की तिला असा जन्म आहे हे ध्यानात येत नाही.

आपल्या भागात त्या भूमिकेचे फळ म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. तो देवास आणि इंदूर या गावांमधून गेला. शिप्रा त्याने या दोहोंच्या दरम्यान ओलांडली. उज्जैन बाजूला राहिले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरीस हलविल्यापासून राजधानीचा मान गेलाच होता. आता हमरस्ताही दूर गेला. या उपेक्षेमुळे व्यापाराचे नुकसान झाले खरे. परंतु उज्जैनच्या भोवतालच्या खेड्यांतील वाटा, ओढे, तळी आणि झाडे यांना त्यामुळे आणखी काही पिढ्यांचे आयुष्य मिळाले, असेही म्हणता येईल. पंचक्रोशीची वाट तिच्या जुन्या रूपात इतकी टिकली, त्याचे एक कारण हेही असावे.

या वाटेवरच पाण्याशी जुळवून घेणारे एक उत्तम बांधकाम उभे आहे. कालियादेहचा महाल पंधराव्या शतकात मांडूच्या खिलजी सुलतानांच्या काळात झाला. शिप्रेच्या दोन प्रवाहांच्या मधोमध तो बसविलेला आहे. नदीचे पाणी कुंडांतून, दगडी पाटांतून खेळवीत नेलेले. भक्तमंडळी त्यांना बावन कुंडे म्हणतात. अकबर आणि जहांगीर येथे येऊन गेले, त्याचे शिलालेख आहेत. पुढे पडझड झालेल्या या महालाची दुरुस्ती १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी करविली. पाचशेहून अधिक वर्षे पूर येतो, कुंडांवरून जातो, ओसरतो; बांधकाम जागेवर आहे. नदीला अडवून नव्हे, तिला आपल्या अंगावरून वाट देऊन ते टिकले आहे. इमारतीच्या सौंदर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. तिच्या या शहाणपणाविषयी फारसे बोलत नाही.

उतार आणि पूल यांच्या मधली पायरी म्हणजे माळव्यात ज्याला 'रपटा' किंवा 'रपट' म्हणतात आणि महाराष्ट्रात 'फरशी' म्हणतात ती. नदीच्या तळालगत दगडाचा किंवा काँक्रीटचा ठेंगणा रस्ता. खालून नळ्यांतून किंवा लहान गाळ्यांतून नेहमीचे पाणी जाते, पूर आला की तो वरून जातो. खेड्यांतील हजारो ओढ्यांना हाच उपाय परवडला. रामघाटाजवळची छोटी रपट आपल्यापैकी प्रत्येकाने पाण्याखाली गेलेली पाहिली असेल. अशा ठेंगण्या पुलांचे कठडे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवण्याची रीत असते. ते ठेवले तर वाहत आलेला झाडोरा त्यांत अडकतो आणि सारा पूल बांधासारखा पाणी धरू लागतो.

रपट्याचा गुण असा, की तो नदीशी भांडत नाही. वर्षातील काही दिवस तो रस्ता नदीला परत करतो. त्याचा दोष तितकाच उघड आहे. ते काही दिवस कोणाचे असतील, याची निवड आपल्या हाती नसते. पलीकडच्या खेड्यातील बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, परीक्षेला निघालेले मूल यांना पाणी ओसरेपर्यंत थांबता येत नाही, आणि पाण्याचा अंदाज चुकून वाहून जाणाऱ्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये उज्जैनच्याच बड्या पुलावरून पोलिसांची गाडी रात्रीच्या वेळी शिप्रेत कोसळली आणि तिघांचा अंत झाला. जुने तेवढे सोने म्हणून हे पूल तसेच ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार शहरात सुरक्षित बसलेल्या आपल्याला पोहोचत नाही. कोकणात महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातील दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतील माणसे गेली. तेथे पुढच्याच वर्षी जूनमध्ये नवा पूल खुला झाला. तो व्हावयासच हवा होता. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने माळव्यातील कितीतरी खेडी प्रथमच पावसाळ्यात जगाशी जोडली गेली, हेही विसरता कामा नये.

प्रश्न पूल हवा की नको, हा नाहीच. तो कसा हवा, हा आहे. आणि येथे थोडे बांधकामाच्या तपशिलात शिरणे भाग आहे. उंच पूल पाहताना आपले लक्ष खांबांकडे जाते. पाण्याला खरा अडथळा बहुधा खांबांचा होत नाही, तो दोन्ही बाजूंच्या भरावाचा होतो. पुलाची उंची गाठण्यासाठी जोडरस्ता मातीच्या भरावावर चढवीत आणावा लागतो. शिप्रेसारखी नदी पुरात केवळ पात्रातून वाहत नाही. ती काठची शेते व्यापून, पसरून वाहते. त्या पसरट वाटेवर लांबच लांब भराव आला आणि मध्ये मोजक्याच गाळ्यांचा पूल ठेवला, की भराव धरणासारखा काम करतो. वरच्या अंगाला पाण्याचा फुगवटा चढतो आणि कधीही न बुडालेली घरे बुडतात. खालच्या अंगाला अरुंद गाळ्यांतून पाणी वेगाने सुटते आणि खांबांच्या पायाखालची माती खरवडून नेते. माळव्याची काळी माती तर फारच मानी. पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा भराव खचतो, आणि त्याच्यामागे साचलेले पाणी उभे पीक कुजवीत राहते. पूल लांब करणे, गाळे वाढविणे, भरावात ठिकठिकाणी मोऱ्या ठेवणे हे यावरील उपाय अभियंत्यांना चांगले ठाऊक आहेत. त्यांना खर्च लागतो, आणि कोरड्या वैशाखात पाहणी करणाऱ्याला तो खर्च अनाठायी वाटतो. पूल बांधताना पात्रात घातलेला तात्पुरता मातीचा रस्ता काम संपल्यावर काढून नेण्याचेही तसेच. तो राहिला तरी उन्हाळ्यात कोणाचे काही बिघडत नाही.

पंचक्रोशीचा परिसर या दृष्टीने विशेष नाजूक आहे. अंबोदियाजवळच गंभीर नदीवरचे धरण आहे; उज्जैन त्याचे पाणी पिते. त्याच गंभीरवर इंदूरकडे असलेला यशवंतसागर २०२२ मध्ये रामसर पाणथळांच्या यादीत गेला. उंडाशाच्या तळ्यावर हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उतरतात. आणि स्वतः शिप्रा आता अशी राहिलेली नाही, की तिच्यावर आणखी भार टाकावा. इंदूरचे सांडपाणी आणणारी खान नदी तिला उज्जैनच्या वरच्या अंगाला त्रिवेणीपाशी मिळते. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उचलून शिप्रेच्या उगमाशी सोडावे लागले, आणि २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचे पाणी बंद नळातून वळवावे लागले. आता त्रिवेणीच्या शनिमंदिरापासून नागदा वळणरस्त्यापर्यंत सुमारे २९ किलोमीटर लांबीचे घाट योजिलेले आहेत. इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. ही कामे एकेकटी पाहिली तर प्रत्येकाचे समर्थन करता येते. नदीला मात्र ती एकेकटी भेटत नाहीत. घाट, भराव, पूल आणि रस्ता यांचा एकत्रित हिशेब तिला एकाच भाद्रपदात द्यावा लागतो.

झाडांचा मुद्दाही भावनेचा समजू नये. ऐन उन्हाळ्यात पायी चालणाऱ्याला सावली हीच धर्मशाळा. रस्त्याकडेचा वड, पिंपळ, निंब आणि चिंच नेमक्या त्याच पट्ट्यात उभ्या असतात, जो रुंदीकरणाला हवा असतो. नवे रोप लावता येते. ते सावली देईपर्यंत एक पिढी जाते. डांबर आणि काँक्रीट उन्हात तापले म्हणजे अनवाणी यात्रेकरूला त्यावर पाऊल ठेवणे अशक्य होते. ज्यांची यात्रा म्हणून रस्ता सुधारावयाचा, ती माणसे पायी चालतात. त्यांच्यासाठी झाडांच्या ओळीपलीकडे मातीची एक वाट राखून ठेवणे हीही रस्त्याची सुधारणाच होय.

या साऱ्यात आपल्यासारख्या जुन्या मराठी घराण्यांनी काय करावे? आपल्याकडे अधिकार नाही, पण स्मरण आहे. रामघाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या देवळाच्या उंबऱ्यापर्यंत, कोणत्या वर्षी पाणी आले, हे घाटावरची उपाध्ये मंडळी आणि नदीकाठच्या वाड्यांतील वडीलधारी माणसे सांगू शकतात. वतनांच्या, इनामांच्या जुन्या कागदांत नाले, उतार आणि बांध यांच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतील, तर ते आता केवळ कुळाच्या अभिमानाचे कागद राहत नाहीत. पाणी पूर्वी कोठून जात होते, याचे ते पुरावे आहेत. पुराच्या खुणा आणि हे उल्लेख एकत्र करून नकाशावर मांडणे हे काम एखादी साहित्यसंस्थाही करू शकेल. पुलाचे गाळे ठरविण्यापूर्वी तो नकाशा अभियंत्याच्या हाती गेला पाहिजे. उद्घाटनानंतर लिहिलेल्या लेखाचा उपयोग फारसा नाही.

पंचक्रोशीची एक प्रथा सर्वांना ठाऊक आहे. यात्रेकरू निघताना नागचंद्रेश्वराकडे बळ मागतो. ११८ किलोमीटर चालून आला, की मातीचे घोडे वाहून ते बळ परत करतो. घेतलेले आपले नव्हते, कामापुरते होते, हे तो जाणतो. शिप्रेच्या पूरमैदानातून रस्ता काढणे म्हणजेही नदीची जागा मागून घेणे आहे. आपल्या पूर्वजांनी ती आठ महिन्यांपुरती घेतली आणि चातुर्मासात परत केली. आपल्याला ती बारा महिने हवी आहे, आणि त्याची कारणेही खरी आहेत. मग परत करावयाचे ते गाळ्यांच्या आणि मोऱ्यांच्या रूपाने, झाडांच्या आणि मोकळ्या मातीच्या रूपाने, बांधतानाच परत केले पाहिजे. नाहीतर नदी आपले आपण वसूल करते, आणि तिच्या वसुलीला पंचांग लागत नाही.